गोयी आणि गोळी

आमच्या धनजला 'ळ' नाही. म्हणजे पाटीवर आहे, पुस्तकात आहे, बोलण्यात नाही. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, केळीची केयी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेवर छत्तीस वर्षं मास्तर होते आणि त्यातली निदान पाच वर्षं तरी पोरांच्या जिभेवर 'ळ' बसवण्यात गेली असतील. पोरगं वर्गात छान 'शाळा' म्हणायचं आणि घंटा झाली की 'शाया सुटली' असं बोंबलत फाटकाबाहेर पळायचं. घरातही सूट नव्हती. दारव्ह्याहून वहिनी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मामाजी, आंघोयीचं पाणी काढलं." बाबांनी तिला ओसरीवर थांबवून 'आंघोळ' तीनदा म्हणायला लावलं. तिनं पदर सावरत तीनदा म्हटलं आणि आत जाता जाता चौथ्यांदा सवयीनं पुन्हा 'आंघोय'. आई तोंडाला पदर लावून हसत होती, दादा गोठ्याकडे निघून गेला.

पुढं तो दोघांचा खेळच झाला. ती मुद्दाम 'य' टाकायची, ते 'ळ' लावून परत करायचे.

म्हणून २००६ च्या पावसाळ्यात ती आईला म्हणाली, "आत्याबाई, मामाजी आजकाल टोकत नाई," तेव्हा आम्ही कोणीच ते मनावर घेतलं नाही. उलट बरं वाटलं. गुरुजी म्हातारपणी निवळले, असं आईचं मत पडलं. वहिनी मात्र दोन-चार दिवस त्यांच्यासमोर केयी, पोयी, शाया असं काय काय बोलून पाहत होती. ते नुसते "हं" म्हणत.

उजवा हात थरथरायला लागला तो त्यानंतर दीड वर्षानं. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांना बोटांची उघडझाप करायला लावली, दवाखान्याच्या बोळीतून चालवलं, कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. ओळ डावीकडे बरी सुरू झाली आणि उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी झाली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. बारीक अक्षर वाचणं हा माझा पोटाचा धंदा. बाबांच्या पत्रांतलं अक्षर तीन वर्षांपासून बारीक होत चाललं होतं आणि मी समजत होतो, मास्तर माणूस, आंतर्देशीयात जास्त मजकूर बसवतोय.

मग एकेक आठवायला लागलं. एकदा दूध उतू जाऊन भांडं करपलं, गल्लीतल्या बाया विचारायला आल्या, आणि बाबा त्याच घरात पेपर वाचत बसलेले. नाकाला काही लागलंच नव्हतं. झोपेत ते वर्गावर ओरडायचे, लाथा झाडायचे. एकदा आईच्या खांद्यावर असा फटका बसला की आठ दिवस हळद लावावी लागली. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, डोपामिन तिथं तयार होतं. हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या असतात. आजार पुढच्या दारातून दिसला तेव्हा तो मागच्या दारानं येऊन कधीचाच बसला होता.

जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या दुखण्यावर निबंध लिहिला तो सहा माणसांवरून. त्यातली काही तर त्यांनी नुसती रस्त्यावर पाहिलेली. थरथर, पाठीचा बाक, लुटुलुटु धावत सुटणारी पावलं, सगळं बिनचूक टिपलं. आणि इंद्रियं व बुद्धी शाबूत राहतात असंही लिहून ठेवलं. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाचं तिथं चुकलं. त्या सहाजणांच्या सुनांना कोणी विचारलं नसावं.

थरथरीचं कोणाला काही वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात हलायचाच. गावाला खुपला तो चेहरा. बाबांचा चेहरा म्हणजे उघडी शाळा होती. भिवई उचलली की शेवटच्या बाकावरचं पोरगं गप्प, आणि हसले तर मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जायचं. तो चेहरा हळूहळू माती लिंपून गुळगुळीत केल्यासारखा झाला. पापणीसुद्धा क्वचित लवायची. आजारानं चेहऱ्याचे स्नायू ताठतात, हे आता मला माहीत आहे. तेव्हा लोकांना एवढंच दिसलं की गुरुजींना ताठा आला. त्यांचा एक जुना विद्यार्थी लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला, पाया पडला, बाबांनी त्याच्याकडे दगडासारखं पाहिलं. तो वहिनीला दारात विचारतो, "गुरुजी माह्यावर कशानं रागावले जी?" लग्नातही तेच. नवरा-नवरी वाकले, फोटोवाला "हसा गुरुजी" म्हणून थकला. त्या घरानं पुढं दोन वर्षं संक्रांतीचा तिळगूळ पाठवला नाही.

बरं, नुसता चेहराच गेला म्हणावं तर तसंही नाही. सहा वाजता उठून रेडिओ लावणारा माणूस आठ-आठ वाजेपर्यंत पाय सोडून खाटेवर बसून राहायचा. पेपर तसाच घडीचा घडी. गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नव्हती, ती सुटली. दादा म्हणायचा, आळस भरला. मीही फोनवर म्हणायचो, बाबा, जरा मनाचा हिय्या करा. मनाला हिय्या करायला जे इंधन लागतं तेच आत तयार होत नाही, ही गोष्ट आम्हा दोघा शिकलेल्या भावांना कळायला फार वेळ लागला.

२००९ च्या शेवटी आई गेली. त्यानंतर बाबांची आंघोळ, जेवण, औषध, रात्र, सगळं वहिनीकडे आलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ते आपोआप तिच्याकडे गेलं, जसं आपल्याकडे जातं.

जानेवारीत तिनं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून बाबांच्या खाटेच्या डोक्याशी खिळ्याला लावलं आणि त्याच्या दोरीला पेन्सिल बांधली. तारखेच्या इवल्याशा चौकोनात ती काय काय खुणा करायची. गोळी कितीला दिली, कितीला लागू झाली, कितीला उतरली. लेव्होडोपाची गोळी बाबांना दिवसातून चारदा होती आणि ती लागू झाली की माणूस उठून अंगणात फेरी मारायचा, उतरली की खांबासारखा जागच्या जागी. हे मधलं अंतर तिनं सहा महिने लिहून काढलं आणि एक दिवस मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, रातची गोयी फुकट जाऊन राह्यली. वरणानं." मी हसलो. वऱ्हाडातला माणूस तुरीच्या वरणाशिवाय जेवत नाही, वरणावर ठपका ठेवणं म्हणजे देवावर ठेवण्यासारखं. पण तिचं खरं होतं. डाळीतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत एकाच वाटेनं जातात; वाटेवर गर्दी झाली की गोळी मागं राहते. जेवणाआधी पाऊण तास गोळी, असं डॉक्टरांनी बदलून दिलं आणि बाबांना संध्याकाळचे दोन तास परत मिळाले.

"पण लागू झाली हे तुम्हाला नेमकं कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"सोपं हाय. मी म्हणते, मामाजी, गोयी लागली का? ते गप रायले त नाई लागली. 'गोळी' म्हटलं का लागली."

मी पुढं या आजारावर बरंच वाचलं. डॉक्टरांच्या मोजपट्ट्या वाचल्या, शून्य ते चार गुण कसे देतात ते वाचलं. एका अक्षरावर आजार मोजणारी बाई मला कुठल्याच पुस्तकात भेटली नाही.

तिच्या असल्या युक्त्या किती सांगाव्या. बाबा उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. मागून ढकललं तर तोंडावर पडणार. तिनं ओसरीपासून मोरीपर्यंत दर वितीवर गेरूचा आडवा पट्टा ओढला. सपाट जमिनीवर न उचलणारा पाय पट्टा ओलांडायला बरोबर उचलायचा. पाऊल थबकलंच तर ती ताटलीवर बोटांनी खंजिरीचा ठेका धरायची. जन्मभर भजनात बसलेलं शरीर, ठेका ऐकला की चालू लागायचं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सनच्या माणसांना नाच शिकवतात; तो वर्ग मी पाहिला तेव्हा मला आमची मोरीची वाट आठवली. रात्री कुशीवर वळता येत नाही म्हणून ती खाटेवर सुती चादरीऐवजी जुनी नायलॉनची साडी अंथरायची. कापड घसरतं, माणूस वळतो.

कोणी नातेवाईक कंपवातावरचं चूर्ण घेऊन आले होते, खाजकुहिलीच्या बियांचं. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. वहिनीनं ते डबीत ठेवलं आणि डॉक्टरांना दाखवल्यावाचून दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मिळून किती पोटात जातं ते कळणार नाही, देऊ नका. नातेवाईक रुसले. तिच्यावर रुसणाऱ्यांची यादी तशी मोठीच होती. बाबा वाळत गेले तसं गावात कुजबुज सुरू झाली, सून पोटाला घालत नाही. एक घास संपायला चार मिनिटं लागतात, हे बघायला कोणी बसत नव्हतं. आणि कोणी भेटायला आलं की बाबा कुठून तरी बळ आणून ताठ बसायचे, दवाखान्यात तर डॉक्टरांसमोर शिपायासारखे चालून दाखवायचे. डॉक्टर म्हणत, छान आहे की! वहिनी खोटी पडायची. एसटीत बसले की घरापर्यंत पुतळा.

आता मटक्याचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं. पण ते वगळलं तर माझ्या देण्यातला मोठा आकडाच वहीतून गळेल.

२०११ मध्ये बाबांना एक नवी गोळी सुरू झाली, डोपामिनची नक्कल करणारी. चांगली लागू पडली. बाबा चालू लागले, थांब्यापर्यंत जाऊन चहा पिऊ लागले. आम्ही खूश. पुढच्या दिवाळीला मी गावी आलो आणि दादानं गोठ्यात नेऊन सांगितलं, बाबा वरली लावतात. टपरीमागे रोज चिठ्ठी असते. पेन्शनचे एकोणीस हजार गेले, शिवाय वाण्याकडून उसने. ज्या माणसानं पत्ते खेळताना सापडलेल्या पोरांना उन्हात अंगठे धरून उभं केलं, तो ओपन-क्लोजचे आकडे घोकत होता.

मी ओसरीवर त्यांना उभं धरलं. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. लाज कशी वाटत नाही, हे चार-पाचदा म्हणालो, दार उघडं होतं, रस्त्यावर माणसं थांबली होती. बाबा माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही नाही. ना लाज, ना राग, ना रडू. तो कोरा चेहरा बघून मी आणखी चढलो. शेवटी वहिनी मधे आली. तिनं बाबांना आत नेलं, आणि थोड्या वेळानं त्यांचं बनियन आणून माझ्या हातात दिलं. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं.

"तोंडावर पाऊ नका त्याईच्या," ती म्हणाली. "तोंडावर आता काई येत नाई."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेलो. ती बसली कालनिर्णय घेऊन. मागच्या वर्षीचं काढलं, यंदाचं काढलं. 'नवी' असं लिहिलेला एक चौकोन होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी बाबा पहिल्यांदा टपरीवर गेले होते. उसनवारीचे आकडे तिनं त्याच चौकोनांत मांडले होते. आणखीही काही होतं: रात्री दोनला उठून घड्याळ खोलायचं, पुन्हा बसवायचं, पुन्हा खोलायचं, गोडाची न संपणारी भूक. तिनं दोन्ही कालनिर्णयं पिशवीत घातली, अमरावतीची एसटी धरली आणि डॉक्टरांपुढं ठेवली. सासऱ्याचा मटका परक्या माणसाला सांगायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू उतरवली. एकदम तोडली तर उलटे हाल होतात. चार महिन्यांत टपरी सुटली. बाबा पुन्हा हळू चालू लागले, अंगणाच्या बाहेर जाईनासे झाले. चालणं हवं की पेन्शन, असा तो सौदा होता.

मग मी वाचत सुटलो. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांची एक मोठी पाहणी २०१० मध्ये छापून आली होती. असली गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात सतराजणांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांतलं काहीतरी आवरेनासं झालं होतं. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण सातच्या आसपास. म्हणजे मी ओसरीवर ज्याला शिव्या घातल्या त्यात माझा बाप किती होता आणि गोळी किती, याचा हिशेब मला आजही मांडता येत नाही. बाबांना मी नंतर सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." चेहरा तसाच. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते वाचायची विद्या माझ्याकडे नव्हती. जिच्याकडे होती ती चुलीपुढं होती.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. डॉ. शोभना तीर्थळी आणि त्यांच्यासारखी माणसं, ज्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता, ती तिथं वर्षानुवर्षं राबली. मी सभांना जाऊ लागलो. ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सन यांच्या वाढदिवशी, मोठा मेळावा असतो. तिथं रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेतही मनाच्या आजारांसाठी हेच शब्द आहेत. मला ते फार आवडले. तिथं मी पहिल्यांदा दुसऱ्यांच्या घरचं ऐकलं. एक बाई हसत हसत सांगत होत्या, चाळीस वर्षं माझ्याशी भांडलेला नवरा आता भांडत नाही, घर खायला उठतं. हसता हसता त्या थांबल्या आणि शेजारच्या बाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला, एवढंच. त्या खोलीत कोणालाच काही समजावून सांगावं लागत नव्हतं. धनजला वहिनीपुढं ग्लास सरकवायला कोण होतं?

त्या रात्री मी उत्साहानं तिला फोन केला. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला इथं शुभंकर म्हणतात."

"म्हणू द्या," ती म्हणाली. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "तुमी असं करा भाऊजी, येत्या दिवाईले पंधरा दिवस येऊन राहा. मले माहेरी जाऊन तीन वर्षं झाली."

मी गेलो. २०१४ ची दिवाळी. वहिनी दारव्ह्याला गेली आणि मी तिच्या जागेवर बसलो, कालनिर्णय आणि पेन्सिल ताब्यात घेऊन.

पहिल्या दिवशी वाटलं, यात काय एवढं. तिसऱ्या रात्री कळलं. बाबा रात्रीत पाच वेळा उठायचे, म्हणजे मी पाच वेळा उठायचो. धोतर सोडेपर्यंत उशीर व्हायचा आणि पुन्हा सगळं पुसणं. त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की प्रत्येक वाक्य तीनदा विचारावं लागे, आणि तिसऱ्यांदा ते सांगणंच सोडून देत. मग मलाच राग यायचा. आणि पोरं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी बाबांना ओसरीवर पोरं बसलेली दिसायची. पाटी-दप्तरं घेऊन, रांगेनं. आजार जुना झाला की असे भास होतात, औषधानंही वाढतात. लहान मुलं किंवा जनावरं दिसणं फार जणांच्या बाबतीत घडतं. हे मला पाठ होतं. तरी मी काय केलं? "बाबा, कोणी नाही तिथं. नीट बघा. कोणी नाही." ते बघायचे आणि घाबरायचे, कारण पोरं होती आणि त्यांचा लेक नाही म्हणत होता. त्यांनी माझ्यावर हात उगारला. मी बारा वर्षांचा असताना उगारला होता तसा.

वहिनीला फोन केला. तिनं विचारलं, "वाजले किती?"

"साडेसहा."

"मंग त्यायले म्हणा, गुरुजी, पोरायले सुट्टी द्या, शाया सुटली. देऊन टाकते ते."

मी तसं म्हणालो. बाबांनी ओसरीकडे तोंड करून मान हलवली. थोडा वेळ पाहत राहिले, शेवटचं पोरगं फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहावं तसं, आणि मग माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, "शाळा."

याच पंधरवड्यात त्यांना अमरावतीला दाखवायचं होतं. मी कालनिर्णय घेऊन गेलो. वहिनीच्या खुणा मी माझ्या अकलेनं उलगडल्या होत्या. वेळा कळत होत्या. फुली म्हणजे पडले, हे उघड होतं. एखाद्या चौकोनात नुसतं 'ह' असायचं, महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. या आजारात बद्धकोष्ठ ठरलेलं, आणि मी धनजचाच. 'ह'चा अर्थ विचारायची मला गरज वाटली नाही. डॉक्टरांना सांगितलं, पोट महिन्यात तीनदाच साफ होतं. डॉक्टर चमकले, औषध वाढवून दिलं. पुढचे चार दिवस कसे गेले ते मी आणि मोरी जाणतो.

वहिनी परतली ती दोन किलो जाड होऊन, असं ती स्वतःच म्हणाली. रात्री ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला म्हणालो, तुम्ही आहात म्हणून बाबा आहेत, आमच्या कातड्याचे जोडे केले तरी फिटणार नाही, असलं काहीतरी. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मले देवमाणूस करू नका भाऊजी. मागच्या उन्हायात एका राती ते मोरीत बसले, उठायले तयार नाई. मी ओढलं, त्याईनं मले चोट्टी म्हटलं. माये पेन्शनचे पैसे कोठी ठेवले म्हणे. मी त्यायले तसंच ओलं सोडलं अन् या पायरीवर येऊन बसली. अर्धा घंटा. आतून हाक मारून राह्यले होते. आयकू येत होतं मले." पायरीवरची पोपडी ती नखानं काढत होती. "मंग गेली. काय करता. मागच्या जन्मी याईच्यापासून उसने घेतले असन म्या, याजासंग वसूल करून राह्यले."

तिच्या रक्तदाबाची गोळी त्याच वर्षी सुरू झाली होती. ती घरात कोणालाच माहीत नव्हती. कालनिर्णयावर नव्हती ना.

बाबा २०१८ च्या जानेवारीत गेले, मकर संक्रांत झाल्यावर. शेवटचे चार महिने 'ळ' आलाच नाही. तेराव्याला गाव लोटलं. तिळगूळ बंद केलेलं ते घरही आलं, त्या विद्यार्थ्यानं सगळ्या पंगतीचं पाणी वाढलं. मी निघायच्या दिवशी वहिनीनं कापडात बांधलेलं एक भेंडोळं पुढं केलं. आठ कालनिर्णयं, आणि नवव्याचं एक पान.

"तुमाले लिहायचं असन त घेऊन जा. मी त रद्दीत देणार होती."

मी तिथंच पानं उलटायला लागलो. बारीक अक्षर वाचायची सवय. २०१५ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन 'ह' दिसले, तेव्हा सहज म्हणालो, "या आठवड्यात पोट बरं साफ झालं वाटतं."

"पोट?"

"हे 'ह'."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग अशी हसली की आतून दादा बघायला आला. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "अवो, पोटाचा गोल हाय, हा पाहा गोल, रोजच्याले हाय. म्हणून त त्या दिवाईले हागवण लागली त्यायले! ह म्हंजे हसले."

गोल रोजच्या रोज होते. मी ते झोपेचे समजलो होतो.

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. २०१० मध्ये 'ह' बरेच होते. मग उतरत गेले, नव्या गोळीच्या वर्षात थोडे चढले, पुन्हा उतरले. शेवटच्या वर्षात अकरा. २०१४ चा ऑक्टोबर काढला. दिवाळीचे ते पंधरा चौकोन माझ्या अक्षरात होते, छापखान्यातल्या नेटक्या अक्षरात. वेळा, फुल्या, 'रात्री पाच वेळा'. 'ह' एकही नव्हता.

वहिनीनं खांद्यावरून वाकून पाहिलं.

"हसले असतीन हो," ती म्हणाली. "तुमचं ध्यान नसन."